वरचा थर

शुक्रवारी दुपारी मी एक पुडकं सोडलं आणि आतला दगड बघायच्या आधी त्याच्यावरच्या वर्तमानपत्राची तारीख वाचली. एवढंच झालं. बाहेर संस्थेच्या आवारात माळी रेन ट्रीच्या चिकट शेंगा झाडून ढिगाला लावत होता, त्याच्या खराट्याचा आवाज तसाच चालू राहिला. हिंदी वर्तमानपत्र, राजस्थानातल्या कुठल्यातरी जिल्ह्याची आवृत्ती, पहिल्या पानावर थंडीच्या लाटेची बातमी, शेकोटीभोवती बसलेली चार माणसं, आणि वर कोपऱ्यात १९ जानेवारी. पुडक्यावर बाहेरून माझ्याच अक्षरात, काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं: खालचा थर, १६ जानेवारी. मी दोन्ही पुन्हा वाचलं. सोळा तारखेला बांधलेलं पुडकं एकोणीस तारखेच्या कागदात कसं असेल? प्रश्न इतका सोपा होता की तो संहितालाही पडला असता. संहिता माझी मुलगी, चार वर्षांची, आणि हल्ली ती काल, आज, उद्या यांचा क्रम लावायला शिकते आहे. परवाला ती ‘कालच्या मागे’ म्हणते. मला वाटलं, हे कालच्या मागेच कुठेतरी झालेलं आहे आणि मी तिकडे कधी वळून बघितलेलं नाही.

दगड नेमका फुटला तर आतली जीवाश्म शेंग दोन्हीकडे उमटते. एका अर्ध्यावर तिचा काळपट पापुद्रा राहतो, दुसऱ्यावर नुसता ठसा. चांगला अर्धा आम्ही पाच वर्षांपूर्वीच साफ केला होता. त्याच्यासाठी या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या एका सुताराकडून आतून मखमल लावलेली पेटी करवून घेतली, आणि पाहुणे आले की आमचे सर ती उघडून दाखवतात. हा दुसरा अर्धा मात्र खाणीवर बांधला तसाच, अकरा नंबरच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. सिद्धीला दोन्ही अर्ध्यांचे फोटो शेजारी शेजारी हवे होते. ती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पुण्याची. मारतहळ्ळीला तीन आयटीतल्या मैत्रिणींबरोबर राहते आणि रोज चार तास बसमध्ये घालवते. ती चहाला गेली होती म्हणून पुडकं मी सोडलं. ती असती तर तिनेच सोडलं असतं, आणि तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. हे मनात आलं तेव्हा माझे हात कागदाची घडी घालू लागले होते, तारीख आत जाईल अशी. ती आली, टिशूत माझ्यासाठी दोन बिस्किटं घेऊन. मी म्हटलं, हा दगड जरा ओलसर लागतोय, सोमवारी बघू. पाच वर्षं कोरड्या ड्रॉवरमध्ये पडलेला दगड म्हणे ओलसर. तिनं मान डोलावली आणि बिस्किटं माझ्या वहीवर ठेवली. ती बिस्किटं मला खाववेनात.

ती शेंग बोटाच्या दोन पेरांएवढी आहे, एकाच बीची, टोकाला किंचित वाकडी. पाचेक कोटी वर्षांपूर्वीची. तिची आजची भावंडं आपल्या सह्याद्रीपासून पार पूर्वेकडच्या बेटांपर्यंत पसरलेली आहेत, आणि ती इथून तिकडे गेली की तिकडून इथे आली हा आमच्या लोकांमधला जुना वाद. भारत आधी आफ्रिकेपासून, मग मादागास्करपासून तुटला आणि कोट्यवधी वर्षं समुद्रातून एकटाच वर सरकत राहिला. त्या प्रवासात त्याच्या पाठीवर काय काय होतं आणि काय त्याला आशियाशी टेकल्यावर मिळालं, हे नीट कोणालाच सांगता येत नाही. शेंगांची झाडं त्यात फार बोलकी. त्या खाणीत दोन थर होते. खालचा जुना, जमीन जुळायच्या आधीचा, बेटाच्या दिवसांतला. वरचा त्यानंतरचा. मधे चाळीस फूट माती आणि दगड, आणि समुद्र येऊन गेल्याची खूण म्हणून शिंपल्यांचा एक पांढरा पट्टा. शेंग खालच्या थरातली असेल तर ती इथली, आणि इथून जगात गेली. वरच्या थरातली असेल तर बहुतेक बाहेरून आलेली, कारण तेवढ्या वयाच्या तसल्या शेंगा दूरच्या मुलखांतही सापडल्या आहेत. माझ्या शोधनिबंधाचा सगळा भार त्या चाळीस फुटांवर होता. त्या निबंधावर माझी नोकरी; ती मार्चमध्ये कायम व्हायची आहे आणि अर्जात पहिला उल्लेख त्याचाच. त्याच निबंधावर सिद्धीचं दुसरं प्रकरण. ते तिनं दोन वर्षं लिहिलं आहे, आणि मी त्याच्या समासात ‘छान’ असं लिहिलेलं आहे, तीन ठिकाणी.

घरी जाताना बसच्या खिडकीतून मी झाडं बघत होते, म्हणजे एरवीही बघतेच, पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघत असल्यासारखी वाटली. गुलमोहर मादागास्करचा. रेन ट्री अमेरिकेतून आलेला. चिंच, जिच्याशिवाय इथल्या कुठल्याच घरात सारू होत नाही, ती आफ्रिकेची. या शहरात सावली देणारं निम्मं काही शेंगांचं आहे आणि त्यातलं बहुतेक बाहेरचं, आणि सगळ्यांना वाटतं ते इथेच होतं. मीही नागपूरची. लग्न होऊन ज्या घरात आले ते चारशे वर्षांपासून इकडे राहिलेल्या मराठी माणसांचं. त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरलेली की पहिले सहा महिने मी जेवताना नुसती हसत असे. सासूबाईंचं नाव अनुसूया, पण त्यांना त्यांचा मुलगाही अक्काच म्हणतो, म्हणून मीही अक्का म्हणते. माझा निबंध छापून आला तेव्हा अक्कांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की शेंगा इथूनच जगात गेल्या, आमच्या सुनेनं शोधून काढलं. शेजारची बाई अजून त्यांना विचारते, तुमचं नेटिव्ह कुठलं. त्यांना त्या शेंगेचं बरं वाटलं होतं, ते का, हे मला तेव्हाच कळलं होतं.

श्रीहर्षला, माझ्या नवऱ्याला, मी संध्याकाळी सांगितलं, पण अर्धंच. तारखेचं सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, अगदी सोपं आहे, नंतर कोणीतरी परत गुंडाळलं असेल, तुमच्याकडे एकच माणूस आहे का गुंडाळणारा. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून त्याला कॉफी करून आणली. परत गुंडाळलं असेल. कागद फाटला असेल, एकोणीसला दुसरा लावला असेल. दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशी उभी राहिले आणि हे वाक्य मनात फिरवत राहिले, आणि ते प्रत्येक फेरीला थोडं थोडं झिजत गेलं, कारण फील्डची वही मी पिशवीतून घरी आणली होती आणि बसमध्येच उघडून पाहिली होती. सोळा तारखेच्या पानावर माझं बारीक अक्षर कडेपर्यंत गेलेलं: पानांचे ठसे किती, लाकूड किती, कुठला दगड कुठल्या कोपऱ्यातून. शेंगेचा उल्लेख नाही. शेंग मी नंतर, शेवटच्या संध्याकाळी, यादीत घातलेली. आणि एकोणीस तारखेच्या पानावर फक्त एक ओळ. वरचा थर. विशेष काही नाही. बाकी पान कोरं. मी फील्डवर कधीच पान कोरं सोडत नाही.

मी श्रीहर्षला सांगितलं नाही ते हे. त्या खाणीवर मी गेले तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि ते फक्त मला माहीत होतं. घरी सांगितलं असतं तर कोणी जाऊ दिलं नसतं, आणि त्या जागेसाठी मी दोन वर्षं परवानगीच्या मागे होते. फोनमधलं एक ॲप दर आठवड्याला सांगायचं, बाळ आता केवढं झालं. त्या आठवड्यात ते म्हणत होतं, मसुराच्या दाण्याएवढं. मला त्याची मौज वाटली होती, शेंगा शोधायला निघालेल्या बाईच्या पोटात मसूर. मग एका सकाळी गेस्ट हाउसच्या थंडगार न्हाणीघरात रक्ताचा डाग दिसला. लहानसाच. मी कपडे बदलले, स्वेटर घातला आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यानंतरचं जे मला आठवतं ते एकदम दगड फुटल्याचं: हातोड्याचा एक ठोका, दगड पुस्तकासारखा उघडला, आत ती शेंग, आणि तेवढ्यात ओटीपोटातून एक कळ निघून मांडीपर्यंत गेली. शेंग आणि कळ एकाच वेळची, हे पक्कं. मधलं काही नाही. कुठे बसले, कोणाशी बोलले, ऊन होतं का, काही नाही. पण शेंगेवर लिहिलेलं होतं, खालचा थर. म्हणजे मी खाली उतरले होते. डाग बघितल्यावरसुद्धा, तो मुरमाचा घसरडा उतार, खाणीचा तळ, दोन्ही गुडघ्यांवर बसून ठोकाठोकी, आणि परत वर. मला हे आठवत नव्हतं. हे मी लेबलवरून काढलं होतं, आम्ही एका पानावरून झाड काढतो तसं. आणि एकदा काढल्यावर ते मला दिसायलाही लागलं. माझे बूट दिसायचे उतारावर. धुरळा दिसायचा.

पुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पहिल्या तीन महिन्यांत कधी रक्त दिसलं का. श्रीहर्ष शेजारी बसला होता. मी नाही म्हटलं. संहिता वेळेवर झाली, बारीक पण नीट. दीड वर्षाची असताना तापात तिला झटका आला आणि रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसले तेव्हा मी तो उतार उतरत होते. ती बोलेना. दोन वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली, नुसतं बोट दाखवायची. सगळे म्हणाले, घरात दोन-तीन भाषा असल्या की होतं असं, आणि तसंच झालं, तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास ती बोलायला लागली, आणि पहिला शब्द बोलली तो ‘स्वल्प’, कानडीतलं थोडंसं. दूध आणखी हवं का विचारलं तर म्हणाली, स्वल्प. घरात हशा पिकला. मी न्हाणीघरात जाऊन रडले, आणि रडतानासुद्धा त्या अडीच वर्षांच्या गप्पपणाला मी मनातल्या मनात खाणीची खोली लावून बघत होते. अजूनही ती जिन्यावर अडखळली की माझ्या आधी माझे बूट दिसतात. सोन्यासारखी पोर माझी, झोपेत ओठ चोखते, आणि मी तिच्याकडे बघताना दर वेळी आधी तपासते आणि मग बघते.

शनिवारी सकाळी मी बसवंतकडे गेले. दगड फोडणं, उचलणं, बांधणं हे त्याचं काम. तीस वर्षं त्याने आमच्या संस्थेत ते केलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन यशवंतपूरला लेकीजवळ राहायला गेला. मूळचा बेळगावाकडचा, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच. अक्का मठात गेल्या होत्या म्हणून संहिताला बरोबर घेतलं. कांद्याच्या बाजारामागची बोळ, रस्ताभर कांद्याच्या सालपटांचा पाचोळा. ऑटोवाल्याला मी स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे करत पुढे नेत होते आणि संहिता माझी नक्कल करत होती. बसवंतने तिला फुटाणे दिले. घरात वाटी नव्हती असं नाही, पण त्याने सवयीने वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, चार घड्या घातल्या, शेवटचं टोक आत खोचलं आणि पुडी तिच्या हातात दिली. मी पिशवीतून माझा कागद काढला. घडीच्या रेषांवरून त्याने बोट फिरवलं, चष्म्याशिवायच.

"हे पहिल्यांदाचं बांधलेलं हाय, बाई," तो म्हणाला. "परत बांधलं तर मी सुतळी लावतो. हिथं सुतळीचा वळ न्हाई."

तो रोज सकाळी चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र घ्यायचा, वाचून संपवायचा आणि त्याच दिवशीचे दगड त्यात बांधायचा. न वाचलेलं वर्तमानपत्र बांधायला घेणं त्याला पाप वाटे. हे मला माहीत होतं. गेली पाच वर्षं माहीत होतं. मी विचारलं, एकोणीसला आपण काय केलं. विचारताना मी संहिताच्या केसांतून हात फिरवत होते.

"वरच्या थरात काम केलं की. तुम्ही कुठं काम केला, तुम्ही खेजडीच्या बुडाला बसला हुता दिवसभर, पोट धरून. मला वाटलं बाजरीची भाकरी बाधली. मी दगड आणून टाकायचा, तुम्ही बसल्या जागी फोडायचा."

मी म्हटलं, मी खाली उतरले होते ना, खाणीत.

"त्या दिवशी? खाली कुणीच न्हाई उतरलं. मी म्हटलं, बाई, संध्याकाळी एकदा खाली जाऊन येऊ, तर तुम्ही म्हणाला, आज न्हाई. दोनदा म्हणाला." मग, माझ्याकडे न बघता, "शेवटच्या दिवशी पुडक्यांचा तारखेवार ढीगबी तुम्हीच लावला. मी लावतो म्हटलं, तर म्हणाला, मला सगळं ध्यानात हाय."

त्याची बायको दारात उभी होती. ती संहिताकडे बघत होती आणि मग माझ्याकडे, महिने मोजावेत तशी. तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. खेजडी मला त्या वेळी दिसली. नुसती ऐकून नव्हे, खरीच: बारीक पानांची, काट्यांची, तिचं खोड पाठीला टोचत होतं, तिच्या वाळक्या शेंगा, सांगऱ्या, माझ्या मांडीवर पडलेल्या, आणि मी त्यातली एक सोलत होते आणि मनात म्हणत होते, थांब, थांब, थांब. दगडाला नव्हे. ते मी पोटातल्या मसुराला म्हणत होते. मी थांबले होते. दिवसभर एका जागी बसले होते. आणि एवढं मोठं माझ्याकडून झालेलं असताना मी ते पुसून टाकलं, कारण त्याच्याबरोबर तो डागही पुसला गेला पाहिजे होता. रात्री वहीत लिहिलं, विशेष काही नाही. आणि शेंग, ती तर चांगल्या दिवसाची असायला हवी होती, ज्या दिवशी मी तळापर्यंत गेले होते आणि काहीच दुखत नव्हतं, म्हणून ढीग लावताना हातानं ती सोळा तारखेत नेऊन ठेवली.

निघताना बसवंत बोळाच्या तोंडापर्यंत आला. त्याला बाकीचं माहीत नव्हतं, पण शेंगेचं काय होणार ते त्याला कळलं होतं. ती शेंग पहिल्यांदा मखमलीवर त्यानेच ठेवली होती.

"कुणी विचारलं तर मी सांगतो, परत बांधलं हुतं म्हणून," तो म्हणाला. "सुतळी इसरलो म्हणतो. मला आता कोण काय करतंय."

मी संहिताला उचललं. रिक्षात बसले. संहिता फुटाणे मोजत होती आणि तिच्या मोजण्यात सातानंतर नेहमी नऊ येतात. एका वाक्यात सगळं वाचत होतं. नोकरी, सिद्धीचं प्रकरण, अक्कांची गल्लीतली मान. म्हातारा माणूस स्वतःहून देत होता. फक्त ते वाक्य घेतलं की शेंग परत खाली जाणार होती, आणि तिच्याबरोबर मीही. तो मुरमाचा उतार पुन्हा माझा होणार होता, आणि या वेळी मला माहीत असणार होतं की मी तो उतरलेच नव्हते. आणि तरी, इतकं स्वच्छ दिसत असूनही, मला भीती वाटत होती. मला हे खरं हवं आहे ते खरं आहे म्हणून, की माझी सुटका करतं म्हणून? निबंधातही मला हवं होतं तेच निघालं होतं.

घरी आले तेव्हा अक्का मठातून येऊन स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, पुढ्यात रात्रभर भिजवलेल्या अवरेकाळूचं पातेलं. जानेवारीत हे शहर त्याच्याच वासाचं होतं. आमच्या नागपुरात या वालांना पोपटाच्या शेंगा म्हणतात आणि दाणा सालासकट खातात. इथे एकेक दाणा चिमटीत दाबून साल काढतात, आतली गुळगुळीत डाळ टुणकन उडते. अक्कांनी माझ्याकडे बघून पातेलं थोडं सरकवलं. सरी, बस, स्वल्प हात लाव. त्यांचं सरी म्हणजे ठीक, बरोबर. संहिता आमच्या मधे बसली आणि उडालेल्या डाळी गोळा करू लागली. मी त्यांना आधी शेंगेचं सांगितलं. ती इथून गेली नसावी, बहुतेक बाहेरून आली असावी, माझं चुकलं होतं आणि ते मला आता लिहून कळवावं लागेल. त्यांचे हात चालू होते. मग काय झालं, म्हणाल्या, आम्हीपण आलेलोच. चारशे वर्ष झाली, अजून ती विचारते नेटिव्ह कुठलं. आता विचारली की सांगते, शेंगेचं पण तेच झालं. मला हसू आलं, आणि हसताना पुढचं बाहेर पडलं. खाण, न्हाणीघर, डाग. मी पातेल्याकडे बघून बोलत होते. संहिताने माझ्या पायावर एक डाळ ठेवली, मग दुसरी.

"तेव्हा कोण होतं तुझ्याजवळ?" अक्कांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग काय केलीस?"

"वर बसले. झाडाखाली. खाली उतरले नाही." हे मी मोठ्याने पहिल्यांदा म्हणत होते, आणि ते इतकं लहान वाक्य होतं.

अक्कांनी हातातला दाणा दाबला. "सरी केलीस," म्हणाल्या. मग, नातीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत, "पाच वर्ष ते आत ठेवलीस, ते सरी केली नाहीस. श्रीहर्षला आज सांग. मी सांगणार नाही."

श्रीहर्षला मी दुपारी, संहिता झोपल्यावर सांगितलं. तो म्हणाला, त्या डॉक्टरीणबाईंसमोर मी शेजारीच होतो ना. त्याला राग डागाचा नव्हता, ज्या खुर्चीत बसून त्यानं माझं ‘नाही’ ऐकलं तिचा होता. तो राग अजून गेलेला नाही. रविवारी त्याने संहिताला एकट्यानेच बागेत नेलं आणि मला लिहायला घर मोकळं ठेवलं. ते रागानं की मायेनं हे मी विचारलं नाही. संपादकांना पत्र लिहिताना पहिलं वाक्य तेवढं जड गेलं. बाकीचं आपोआप आलं: थर, तारीख, कागद, घडी. पण पाठवलं नाही. सिद्धीला कळायच्या आधी ते कोणालाही कळणं बरोबर नव्हतं.

सोमवारी ती आली तेव्हा मी दोन्ही अर्धे, कागद आणि वही टेबलावर मांडून बसले होते. तिला मी काही समजावलं नाही. तिनं पुडक्यावरचं वाचलं, मग कागदाची तारीख, मग परत पुडक्यावरचं. तिच्या चेहऱ्यावर मला माझा शुक्रवार दिसला. शुक्रवारी ओला होता तो हा दगड का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मॅम, माझं दुसरं चॅप्टर, ती म्हणाली. तिनं खिडकीपाशी जाऊन मैत्रिणीला काहीतरी मेसेज केला, डोळे पुसले, परत आली. मी म्हटलं, ते प्रकरण आपण दोघी मिळून परत लिहू, आणि मार्चनंतर मी इथे असेन की नाही ते माहीत नाही, पण तोपर्यंत रोज बसू. तिनं त्यावर मान डोलावली नाही. वही ओढून घेतली आणि सोळाचं पान वाचलं, सगळं, सावकाश, मग एकोणीसचं.

"विशेष काही नाही," ती वाचत म्हणाली. "मॅम, ही तुमची वही वाटत नाही. त्या दिवशी काय झालं होतं?"

मी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते सांगता येण्यासारखं झालं होतं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिनं दोन्ही अर्धे हातांत घेतले आणि एकमेकांवर ठेवले. पाच वर्षांत पहिल्यांदा. दगड कुरकुरला आणि बसला, फट दिसेना. मग ही आली कुठून, तिनं विचारलं, माझ्याशी नव्हे, दगडाशीच. त्या आवाजात राग होताच, पण त्याच्याखाली आणखी काही होतं, जे मी ओळखते, कारण त्याच्यापायीच मी एके काळी कोणाला न सांगता थंडीत राजस्थानात गेले होते. माहीत नाही, मी म्हटलं. तिच्यासमोरच पत्र पाठवलं. पाठवलं की लॅपटॉपमधून जो एक बारीक आवाज येतो तो आला, आणि खाली माळ्याचा खराटा चालूच होता.

आमच्याकडे जुनं लेबल फाडत नाहीत की खरवडत नाहीत. एक रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे अशी, आणि खाली नवं लिहायचं. मी दोन्ही अर्ध्यांच्या लेबलांवर रेघ मारली. वरचा थर, १९ जानेवारी. कागद फेकायचा नाही, त्यालाही नंबर दे, मी सिद्धीला म्हटलं, आणि तिनं दिला. मग वही. विशेष काही नाही, यावर रेघ मारली. खाली लिहिलं: सकाळी रक्त. खाली उतरले नाही. दिवसभर खेजडीखाली. दुपारी शेंग.

मी पेन ठेवणार, तेवढ्यात सिद्धीने पानावर बोट ठेवलं. दुरुस्तीचा हा नियम तिच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला शिकवला होता.

"खाली आजची तारीख घाला, मॅम."

मी घातली.